पंचमीला आलेली बहीण सही करून जाते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पंचमीनिमित्त आपण माहेरवाशिणींवर काढलेली पुरवणी वाचली. झोके, लाह्या, तंबिटाचे लाडू, भावाने आणायला जाणं, सगळं छान लिहिलंय, फोटो पण छान आलेत. पण ह्याच पंचमीपासून गौरी-गणपतीपर्यंत आणि परत दिवाळीत भाऊबीजेच्या आसपास आमच्या दुकानात एका कागदाचं काम वाढतं आणि त्याबद्दल त्या पुरवणीत एक ओळ नव्हती, म्हणून हे पत्र. मी कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात एका तालुक्याच्या गावात रजिस्टर ऑफिससमोर बाँड रायटरच्या दुकानात टायपिंग करते. बरीच वर्षं झाली. शाळा मराठी आणि काम कन्नड, असं आमच्याकडे खूप जणांचं आहे, त्यात नवल काही नाही. खरेदीपत्र, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र सगळं टाईप करते, पण सणाच्या दिवसांत जास्त करून येतं ते हक्कसोड पत्र. म्हणजे बहिणीने भावाच्या नावाने लिहून द्यायचं की वडिलार्जित शेतात आणि घरात माझा जो काय हिस्सा आहे तो मी राजीखुशीने सोडला.

कसं होतं ते सांगते. बहीण सणाला आलेलीच असते, जेवणखाण झालेलं असतं, मग भाऊ म्हणतो "अगं तेवढं ऑफिसला जाऊन येऊया की, एक सही हाय." ती नव्या साडीतच येते, बऱ्याचदा ती साडी भावानेच घेतलेली असते. दुकानात खुर्ची रिकामी असली तरी ती बसत नाही, दाराशी उभी राहते, पोराला कडेवर घेऊन. नाव, नवऱ्याचं नाव, गाव, वय, सगळं भाऊच सांगतो, वय हमखास चुकीचं सांगतो आणि मग मागून हळूच आवाज येतो, "त्रेचाळीस." तेवढंच काय ते ती बोलते. आधार कार्ड पण भावाच्याच खिशात. कर्नाटकात शक्ती योजनेत जून २०२३ पासून बायकांना बस फ्री झाली तेव्हापासून सहीसाठी बहिणीला आणायचा तिकीटखर्चही वाचला म्हणा भावांचा, हे आपलं सहज.

कागद कन्नडमध्ये. बहीण चंदगड, गडहिंग्लज, आजरा नाहीतर गोव्याकडे दिलेली असेल तर तिला त्यातलं एक अक्षर कळत नाही, आणि इथेच दिलेली असली तरी मराठी शाळेत शिकलेल्या बाईला बसचा बोर्ड वाचण्याइतपत कन्नड येतं, कायद्याचं कन्नड कन्नडवाल्यांना पण येत नाही. मालक वाचून दाखवतात, म्हणजे कन्नडमध्ये भराभर, आणि शेवटी मराठीत एवढंच की "वडिलांच्या जमिनीचं आहे ताई, भावाला देताय न्हवं?" ती मान हलवते. मग समोर ऑफिसात फोटो, अंगठा, "सही तुमचीच ना?" "होय." संपलं. साहेबांची चूक आहे असं मी म्हणत नाही, १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे समोरची बाई तीच आहे का आणि सही तिनेच केली का हे त्यांनी विचारायचं असतं, तेवढं ते विचारतात. काय लिहिलंय ते तुम्हाला समजलं का, हे विचारताना मी कोणाला पाहिलं नाही.

आणि त्या कागदात काय लिहिलेलं असतं? "माझ्या लग्नात आईवडिलांनी व भावाने भरपूर खर्च केला, दागिने व भांडी दिली, मी सासरी सुखात आहे, सबब कोणाच्याही दबावाला बळी न पडता, शुद्धीवर असताना..." हे वाक्य माझ्या कॉम्प्युटरवर सेव्ह करून ठेवलेलं आहे. फक्त नावं, सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा बदलायच्या. विधवा बाई असली तरी ती सासरी सुखात असते, नवऱ्याने सोडलेली असली तरी सुखातच असते. एकदा एक बाई माहेरीच राहत होती, सासरचं नावसुद्धा काढत नव्हती, तरी तेच वाक्य गेलं, कारण भावाने सांगितलं "जसं असतंय तसं घाला."

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात, कारण आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना खरंच माहीत नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते सांगत नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलांच्या वाट्याच्या मिळकतीत मुलीला हिस्सा होताच, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित जमिनीत जन्माने हक्क फक्त मुलाला. कर्नाटकाने तो ३० जुलै १९९४ पासून मुलीलाही दिला, महाराष्ट्रानेही त्याच वर्षी जूनमध्ये दिला, पण दोन्हीकडे एक मेख होती, आधी लग्न झालेल्या मुलींना नाही. म्हणजे बघा, एकाच घरात थोरलीचं लग्न त्र्याण्णवला आणि धाकटीचं पंच्याण्णवला, तर धाकटीला हक्क आणि थोरलीला नाही. मग ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशाला लागू असा बदल झाला आणि लग्न झालेली असो नसो, मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. त्यातच घराबद्दलचं जुनं कलम पण काढून टाकलं, आधी भाऊ वाटणी मागेपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती, आता येते. तरी भाऊ लोक सांगत राहिले की "बाबा दोन हजार पाचच्या आधी वारले, तुझं काय बसत नाही," त्याचा निकाल सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला लावला, वडील त्या तारखेला हयात असायची गरज नाही असं स्पष्ट सांगितलं. हां, २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणीपत्र झालं असेल किंवा कोर्टातून वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही. पण "आमची तोंडी वाटणी कधीच झालीय" एवढ्यावर आता सहसा भागत नाही, त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

हे सगळं असून सही का होते, तर त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. सही नाही केली तर माहेर तुटतं. पुढच्या पंचमीला आणायला कोण येणार नाही, पोरीच्या लग्नात मामा म्हणून कोण उभा राहणार, आई आजारी पडली तर फोन येईल का नाही. तुमच्या पुरवणीतलं ते सगळं माहेर, त्याची किंमत तिला एका सहीत मोजायला लावतात आणि तीही न बोलता, कोणी धमकी देत नाही, मारत नाही, उलट कुंद्याचा डबा हातात देऊन बसमध्ये बसवतात. साडीचोळीवर बोळवण हे आपण कौतुकाने म्हणतो. माझ्यासमोर कितीदा झालंय की सही करून बाई बाहेर आली आणि डोळे पुसले आणि भाऊ मला म्हणाला "बहिणीचा जीव हाय, रडू येतंयच की." मी काय बोलणार, मी टायपिस्ट.

पूर्वी हे इतकं नव्हतं, असं माझे मालकच सांगतात. बेळगावच्या येळ्ळूरचं, शहापूरचं शिवार म्हणजे भात, एक पीक, वर मसूर-वाटाणा काय येईल ते, त्यात बहिणीला हिस्सा द्यायचा का नाही हा प्रश्नच कोणी काढत नसे, तिचं नाव जमिनीच्या उताऱ्यावर लागलं तर लागलं नाही तर नाही. मग शहर वाढलं. ज्या शेतात बासमतीचा वास यायचा तिथे लेआऊटचे दगड रोवले, रस्त्यासाठी जमिनी जायला लागल्या, हलगा-मच्छे बायपासचं तर सगळ्यांना माहीतच आहे, पिकातली जमीन वाचवायला शेतकरी रस्त्यावर बसले, कोर्टात गेले. त्यात बायका पुढे होत्या हे पण तुमच्याच पेपरात वाचलंय. पण मोबदल्याचा किंवा प्लॉटचा विषय निघाला की बिल्डरचा वकील पहिलं काय मागतो, तर सगळ्या वारसांच्या सह्या. आणि मग वीस-पंचवीस वर्षं कोणाला आठवण नसलेल्या आत्या, बहिणी, चुलतबहिणी एकदम आठवतात, पुण्या-मुंबईपर्यंत गाड्या जातात आणायला. गुंठ्याला लाखात भाव आणि बहिणीच्या कागदात मोबदला शून्य. म्हणजे जमिनीला किंमत आली की बहिणीला किंमत येते, पण सहीपुरती.

ह्यापेक्षा वाईट पण असतं, ते म्हणजे वंशावळीतून मुलीचं नावच गाळणं. बाप मेल्यावर वारसा लावायला वंशावळ लागते, तिथे "दोन मुलगे" एवढंच लिहून द्यायचं, पंच म्हणून गल्लीतले दोघं सही करायला तयार असतातच. बहिणीला पत्ताच नसतो की कागदोपत्री ती जन्मलीच नाही. सध्या मयत माणसांच्या नावावर अडकलेले उतारे वारसांच्या नावावर करायची मोहीम सरकारने काढलीय, चांगली आहे, पण ह्याच मोहिमेत किती मुली गाळल्या जातायत हे कोणी बघतंय का? तलाठ्याला गावातल्या सगळ्या मुली कुठे दिल्या ते माहीत असतं हो, जत्रेला सगळ्या भेटतात.

आता एक बोलते ते काही जणांना लागेल. आपण सीमाभागातली माणसं. हक्क म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. १९५६ ला आपल्याला न विचारता आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात टाकला म्हणून आपण अजून भांडतोय, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करतो, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, शहाऐंशीला कन्नडसक्तीविरुद्ध माणसं गेली, २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात आहे. सीमावादावरच्या महाजन आयोगाने एवढी गावं दिली तरी आपण म्हणालो नाही, थोडक्यावर बोळवण नको, आमचं आहे ते आम्हाला पाहिजे. बरोबरच आहे. मी पण लहानपणी आईचं बोट धरून फेरीत गेलेय. मग तोच माणूस, तीच घोषणा देणारा, दुकानात येऊन सांगतो की "बहिणीला काय करायचंय जमीन, तिचं सासर बळकट हाय." तिला विचारलं का? नाही. तिच्या भाषेत सांगितलं का? नाही. तिची सही घेतली आणि वर लिहिलं राजीखुशीने. सांगा बघू हे कुठे ऐकल्यासारखं वाटतंय.

आणि मराठीत कागद मिळावेत म्हणून आपण कलेक्टर ऑफिसवर मोर्चे नेतो, उतारे मराठीत द्या, परिपत्रकं मराठीत द्या. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेत द्यायच्या हे ठरलेलं आहे, मागणी रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या निवेदनात पुढच्या वेळी हक्कसोड पत्र पण घाला. नोंदणी कायद्यातच जिल्ह्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या भाषेचा उल्लेख आहे, आणि खानापूर, निपाणी, बेळगाव ह्या पट्ट्यात मराठी सर्रास नाही असं कोण म्हणेल? निदान सोबत मराठी प्रत जोडा आणि ती बाईने वाचली अशी तिची वेगळी सही घ्या. ह्या मागणीला कन्नड शेजाऱ्यांचा पण विरोध होणार नाही, कारण त्यांच्या बहिणींना पण तो कागद कोणी समजावून सांगत नाही. ह्या एका बाबतीत दोन्ही भाषांचे भाऊ एकदम एकमताने वागतात, तिथे सीमावाद नाही.

कामाचं बघा. रोप लावणीला कमरेत वाकून कोण असतं, भांगलणीला कोण, सुगीत पेंढ्या कोण बांधतं. पण शेतकरी म्हटलं की उताऱ्यावरचं नाव. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये उताऱ्यावर नाव असेल त्याला, सोसायटीचं पीककर्ज त्याला, पीकविमा त्याला, नुकसानभरपाई त्याला. इकडे सरकार ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मीचे २,००० रुपये महिन्याला देतं, ते रेशन कार्डावर घरची कर्ती म्हणून जिचं नाव आहे तिला. म्हणजे रेशन कार्डावर ती कर्ती आणि उताऱ्यावर कोणीच नाही. ते २,००० वाईट नाहीत हां, आमच्या गल्लीतल्या शिलाईच्या दोन मशीन त्यातूनच आल्या, पण योजना सरकार बदललं की बदलते, जमीन तशी बदलत नाही.

आणि नवरा वारला की काय होतं ते तर रोजचं. दीर म्हणतो वहिनी तुम्ही पोरांना घेऊन माहेरी जावा, माहेरी भाऊ म्हणतो तुझं इथलं तू सोडून दिलंस न्हवं. कायद्याने विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई सगळे सारखे वारस आहेत, पण तोपर्यंत तिची भांडायची ताकद संपलेली असते. वडगाव-खासबागला कांड्या भरणाऱ्या, निपाणीला विड्या वळणाऱ्या, उद्यमबागच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या बायकांना विचारा की तुमच्या बापाची जमीन होती का. खूप जणींची होती.

माझ्या पाहण्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते आणि ती आम्हा बायकांबद्दलच आहे. नणंदेची सही घ्यायला जी वहिनी नवऱ्याबरोबर आलेली असते, लवकर करा म्हणून घाई करते, तीच गेल्या भाऊबीजेला स्वतःच्या भावाला सही द्यायला इथेच आलेली असते. मी ओळखते ना चेहरे. तिथे गमावलं ते इथे राखायचं असं तिचं गणित असतं, आणि राखून नाव कोणाचं लागतं तर नवऱ्याचं. दोन्हीकडून कागदावर बाई नाही. मी तिला दोष देत नाही, तिच्या हातात दुसरं काय आहे, पण सगळ्या नणंदा आणि सगळ्या वहिनी मिळून शेवटी त्याच बायका आहेत हे कधीतरी कळायला पाहिजे.

प्रेमाचं पण ह्यातच येतं. पोरीने आपल्या मनाने लग्न केलं की आमच्याकडे दुसऱ्या दिवशी बाप हजर. "तिचं नाव काढून टाका, काय कागद लागतो ते करा." मालक पण सांगतात की असा कागद होत नाही, तरी तो वकिलाकडून जाहीर नोटीस काढतो, माझी मुलगी माझ्या कह्यात नाही, तिचा माझ्याशी व माझ्या मिळकतीशी संबंध राहिला नाही. संपादक साहेब, ह्या नोटिसा तुमच्याच पेपरात छापून येतात, तिच्या नावानिशी. त्या नोटिशीने वडिलार्जित मिळकतीतला तिचा हक्क जात नाही, प्रेमविवाह केला म्हणून जात नाही, दुसऱ्या जातीत केला म्हणून पण जात नाही. बापाने स्वतः कमावलेलं आणि वडिलार्जितातला स्वतःचा हिस्सा तो मृत्युपत्र करून पाहिजे त्याला देऊ शकतो, ते खरं, पण तिचा हिस्सा तिचा. मग नोटीस कशाला असते? गावाला दाखवायला, आणि बाकीच्या पोरींना घाबरवायला.

तो राग कुठपर्यंत जातो ते आपण डिसेंबर २०२३ ला बेळगावजवळच्या वंटमुरीत पाहिलं. मुलगा एका मुलीला घेऊन गेला म्हणून रात्री त्याच्या आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र करून खांबाला बांधलं. आणि बेळगावात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं तेव्हा. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, बघत उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांनाही खडसावलं. प्रेम कोणी केलं आणि शिक्षा कोणाला झाली बघा. मी त्या घटनेची आणि हक्कसोडीची तुलना करत नाही, एक अत्याचार आहे आणि एक गोड बोलून केलेलं काम आहे. पण मुलगी म्हणजे घराची इज्जत, ती घरच्यांनी द्यायची त्यालाच द्यायची, आणि जाताना तिने काही न्यायचं नाही, हा हिशोब दोन्हीकडे एकच आहे असं मला वाटतं, चुकत असेन तर सांगा.

आपल्याच जिल्ह्यातली अजून एक गोष्ट. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडायची देवदासी प्रथा, तिला १९८२ च्या कायद्याने बंदी आहे. त्यात बऱ्याच घरांत मुलगा नाही म्हणून एका मुलीला देवाला सोडायचे, मग ती बापाच्या घरात राहायची, आईबापाला बघायची आणि मुलासारखी घर चालवायची. म्हणजे मुलीला बापाच्या घरात जागा होती, पण त्यासाठी तिचं लग्न, तिचं आयुष्य सगळं काढून घ्यायचं. ह्यातून बाहेर पडून हजारो बायकांबरोबर काम केलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टींना २०१८ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो शेअर केले. पण मुलगी म्हणून राहून, लग्न करून, संसार करून पण बापाच्या घरात हिस्सा, हे अजून आपल्याला जमत नाही.

भावांची बाजू मला माहीत नाही असं नाही. खूप घरांत जमीन आहेच किती, दीड एकर, दोन एकर, चार वारस केले की गुंठ्यावर येते, ट्रॅक्टर फिरत नाही. म्हाताऱ्यांचं दवाखान्याचं बिल भावाने भरलेलं असतं, सोसायटीचं कर्ज त्याच्याच डोक्यावर, बहिणीच्या लग्नाचं देणं फेडायला त्याची दहा वर्षं गेलेली असतात. हुंडा बंद होऊन, कायद्याने म्हणते मी, १९६१ पासून इतकी वर्षं झाली तरी तो द्यावा लागतो आणि मग तो हिश्श्यात धरतात, हे पण खरं आहे. पण लग्नात पैसा गेला तो सासरच्यांच्या खिशात आणि मांडववाल्याच्या, तिच्या नावावर काय राहिलं? आणि कर्ज असेल तर कर्जाचा पण हिशोब मांडा की, बसून मांडा, तिलाही सांगा. जमीन तुकडे करायची नसेल तर तिचं नाव राहू द्या, जमीन तुम्हीच कसा, सुगीला दोन पोती तांदूळ पाठवा. नाहीतर तिचा हिस्सा विकत घ्या, हप्त्याने घ्या, कागदावर रक्कम लिहा. आमच्याकडे असेही भाऊ आलेत, कमी, पण आलेत. एकाने तर बहिणीला एक गुंठा जागा लिहून दिली घर बांधायला, वहिनीनेच आग्रह धरला होता म्हणे. आणि खरोखर मनापासून सोडणाऱ्या बहिणी पण असतात, ज्यांना सासरी भरपूर आहे आणि भावाची परिस्थिती बिकट आहे, त्यांनी सोडावं, हक्क आहे म्हणजे घेतलाच पाहिजे असं कुठे आहे. फक्त काय सोडतोय ते माहीत असू दे.

म्हणून बहिणींना सांगते, मालकांना कळलं तर ओरडतील. कागद आधी घरी मागून घ्या, एक दिवस तरी ठेवा, कन्नड येणाऱ्या ओळखीच्या पोरीकडून वाचून घ्या, आजकाल मोबाईलवर फोटो काढला तरी ढोबळ मराठी होतं. सर्व्हे नंबर सगळे वाचा, एका शेताचं सांगून पाच नंबर घातलेले मी पाहिलेत. मोबदल्याच्या जागी काय आकडा आहे ते बघा, कारण रक्कम मिळाली असं लिहून शून्य हातात आलेल्या पण आहेत. वडील गेले असतील तर उतारा ऑनलाईन निघतो, काढून बघा नाव आहे का. सही करून गेलात आणि मग फसवणूक कळली तर तो कागद रद्द करून घ्यायला कळल्यापासून तीन वर्षांत कोर्टात जावं लागतं, म्हणून बसून राहू नका. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका, १९८७ च्या कायद्याने कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, बेळगावच्या कोर्टात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टातही चौकशी करता येते, १५१०० वर फोन लावता येतो. आणि "नंतर बघते" एवढं म्हणायला शिका. नाही म्हणणं जड जातं मला माहीत आहे, पण नंतर बघते म्हटलं की भावाला पण राग धरता येत नाही.

आणि ऑफिसवाल्यांना एकच विनंती, बाईला पाच मिनिटं भावाशिवाय आत घ्या आणि तिच्या भाषेत विचारा, की बाई, हे केल्यावर ह्या जमिनीत तुझं काही राहणार नाही, माहीत आहे का? त्याला नवा कायदा लागत नाही, खर्च लागत नाही.

राहता राहिलं तुमच्याकडचं काम. गौरी यायच्या आत एका हक्कसोड पत्राचा नमुना मराठीत करून पेपरात छापा, पुरवणीत जागा नसली तर वधू-वरच्या पानाशेजारी छापा, ते पान सगळे वाचतात. आणि त्या "संबंध राहिला नाही" वाल्या नोटिसांखाली, जाहिरात आहे म्हणून तुम्ही छापणारच, पण एक ओळ तुमची घाला की अशा नोटिशीने मुलीचा वडिलार्जित हक्क जात नाही. नमुना पाहिजे असेल तर मी नावं काढून टाईप करून पाठवते, मराठीत, चुका तेवढ्या तुम्ही बघून घ्या.

माझं नाव आणि गाव छापू नये. आमच्या दुकानात तुमचाच पेपर येतो.

आपली,
एक वाचक, सीमाभाग